पाकिटातलं सूप आणि ग्लुटेन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात कुणाला सिलिॲक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होणारा आजार, आहे असं निघालं की पोळी, पाव, बिस्किटं, शेवया त्याच दिवशी बंद होतात, कारण त्यांतला गहू समोर दिसतो. सूपच्या पाकिटाचा संशय मात्र फारसा कुणाला येत नाही. टोमॅटोचं सूप आहे, त्यात गहू कशाला असेल? असतो, आणि बऱ्याचदा असतो. घरी स्वयंपाकासाठी ग्लुटेन नसलेलं पाकीटबंद सूप शोधणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली दिली आहेत.

टोमॅटोच्या सूपमध्ये गहू येतो कुठून?

बहुतेक वेळा दाटपणासाठी. घरी सूप दाट करायचं तर आपण टोमॅटो वाढवतो, सोबत एखादं गाजर किंवा बटाटा उकडून मिक्सरमधून काढतो. कारखान्यात थोड्या टोमॅटो पावडरीवर भागवायचं असतं, म्हणून तिथे स्टार्च किंवा पीठ येतं. मक्याचा स्टार्च असेल तर काळजी नाही. पण मैदा स्वस्त पडतो आणि त्याने सूपला दुधाळ, गुळगुळीत अंग येतं. म्हणून ‘क्रीम ऑफ’ अशी सुरुवात असलेल्या सगळ्या चवींमध्ये, म्हणजे मशरूम, चिकन, टोमॅटो, आधी मैदाच शोधायचा.

दुसरी वाट चवीची, आणि ही जास्त फसवी. सोया सॉस पारंपरिक पद्धतीने सोयाबीन आणि गहू एकत्र आंबवून करतात. त्याचीच पावडर मंचाव आणि हॉट अँड सावर सूपमध्ये जाते. ‘हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन’ हे नाव भाजीचं वाटतं, पण ते सोयाबीनचं, मक्याचं किंवा गव्हाचंही असू शकतं. ‘माल्ट’ किंवा ‘माल्ट एक्स्ट्रॅक्ट’ म्हणजे जवळजवळ नेहमीच जव, आणि जवातही ग्लुटेन असतं. ‘यीस्ट एक्स्ट्रॅक्ट’चं यीस्ट बहुधा मळीवर वाढवलेलं असतं, पण काही वेळा ते बिअरच्या कारखान्यातून आलेलं असतं आणि तिथे त्याचा मुक्काम जवाच्या पाण्यातच असतो.

तिसरी वाट हिंगाची, आणि ती खास आपली आहे. दुकानात मिळतो तो पिवळा बांधानी हिंग (लेबलवर ‘कंपाउंडेड हिंग’) निव्वळ हिंग नसतो. शुद्ध हिंग इतका उग्र की तो डिंक, स्टार्च किंवा धान्याचं पीठ मिसळूनच विकतात, आणि ते पीठ अनेकदा मैद्याचं असतं. रसम, सार, डाळीचं सूप, सांबार अशा कुठल्याही देशी मिक्समध्ये हा हिंग येऊ शकतो. तांदळाचं पीठ किंवा नुसता डिंक घातलेला हिंगही मिळतो. डबीच्या मागे काय घातलंय ते लिहिलेलं असतं. घरातली हिंगाची डबीसुद्धा एकदा उलटी करून बघा.

नूडल्स, मॅकरोनी, तळलेले ब्रेडचे तुकडे यांबद्दल वेगळं सांगायला नको. ते दिसतातच.

पाकिटावर हिरवी खूण आहे आणि पुढे ‘नो मैदा’ लिहिलंय. चालेल ना?

हिरवी खूण शाकाहाराची. गहू शाकाहारीच आहे. ‘नो मैदा’ लिहिलेल्या पाकिटात कणीक, रवा, दलिया, जव यांतलं काहीही असू शकतं. ‘मल्टिग्रेन’वर तर विश्वास ठेवूच नका, त्या अनेक धान्यांत पहिलं बहुधा गहूच असतं. पुढची बाजू जाहिरातीची. ग्लुटेनच्या बाबतीत तिथे ‘ग्लुटेन फ्री’ या शब्दांना कायद्याचा आधार आहे, वरच्यासारख्या गोड शब्दांना नाही.

मग मागची बाजू वाचायची ती कशी?

खालून वर वाचा. घटकांच्या यादीच्या शेवटी किंवा लगेच खाली ‘कंटेन्स’ने सुरू होणारी ओळ असते. एफएसएसएआय म्हणजे आपल्या देशाचं अन्नसुरक्षा प्राधिकरण. त्याच्या 2020 च्या लेबलिंग नियमांनुसार ॲलर्जी आणणाऱ्या घटकांची नावं तिथे द्यावी लागतात, आणि त्या यादीत ग्लुटेनची धान्यं येतात: गहू, राय (हे धान्य, मोहरी नव्हे), जव, ओट्स, स्पेल्ट (गव्हाचाच एक प्रकार) आणि त्यांचे संकर. त्या ओळीत ‘व्हीट’, ‘बार्ली’, ‘ग्लुटेन’ यांतलं काही दिसलं की पाकीट परत फळीवर. वरची बारीक अक्षरं वाचत बसायची गरज नाही.

ओळीत काही नसेल तर मात्र वर जा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने असतात, म्हणजे पहिले चार-पाच शब्द म्हणजेच सूप. समजा एका मंचाव सूपच्या पाकिटामागे असं लिहिलंय: मक्याचा स्टार्च, साखर, मीठ, नूडल्स आणि कंसात ‘रिफाइन्ड व्हीट फ्लोअर’, सुक्या भाज्या, सोया सॉस पावडर, मसाले, मग आयएनएस आकडे, म्हणजे चव, रंग, दाटपणा यांसाठी घातलेल्या पदार्थांचे क्रमांक. सुरुवातीचा मक्याचा स्टार्च बघून हायसं वाटतं, पण चौथ्याच शब्दात मैदा आहे. नूडल्स गाळून सूप प्यायलं तर चालेल का, असंही विचारतात. नाही. नूडल्सचं पीठ पाकिटातल्या पावडरीत मिसळलेलं असतं आणि उकळताना उरलेलंही पाण्यात उतरतं.

एक खाच लक्षात असू द्या. एखादा तयार घटक, उदाहरणार्थ मसाला मिश्रण, एकूण वजनाच्या पाच टक्क्यांपेक्षा कमी असेल तर त्याच्या पोटातले घटक वेगळे लिहायची सक्ती नसते. नुसतं ‘मसाले’ म्हटलं तरी चालतं. त्यातला गहू खालच्या ‘कंटेन्स’च्या ओळीत यायलाच हवा, तरी देशी मिक्समध्ये ‘मसाले’ आणि ‘कंपाउंडेड हिंग’ दिसलं आणि पाकिटावर ‘ग्लुटेन फ्री’ नसलं, तर माझं मत सोडून द्यावं असंच आहे. हिंगासारखी गोष्ट छोट्या उत्पादकाच्या ध्यानातून सहज निसटते.

इंग्रजी वाचायची सवय नसलेल्या आजी-आजोबांसाठी हे शब्द मराठी अक्षरांत लिहून कपाटाला आतून चिकटवा: व्हीट, मैदा, आटा, सुजी, सेमोलिना, बार्ली, माल्ट, राय, ओट्स, बल्गर, कूसकूस, स्पेल्ट, सेतान. लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असतं, मराठीत क्वचित. शेजारी इंग्रजी स्पेलिंगही लिहा, म्हणजे नुसती अक्षरांची आकृती जुळवूनही काम होतं.

‘ग्लुटेन फ्री’ म्हणजे अजिबात शून्य?

शून्य नाही. आपल्याकडे मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅमची आहे. तिलाच 20 पीपीएम म्हणतात. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकातही हाच आकडा आहे.

हा आकडा कितपत भीतीदायक आहे ते हिशेबाने बघू. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण 2 ग्रॅम, म्हणजे 2000 मिलिग्रॅम ग्लुटेन असतं. सिलिॲक असलेल्या बहुतेकांना दिवसाला 10 मिलिग्रॅमच्या आत राहिलं तर आतड्याला इजा होत नाही असं मानतात. आता चार जणांच्या सूपचं 50 ग्रॅमचं पाकीट घ्या. त्यात मर्यादेइतकं भरून ग्लुटेन असलं तरी ते होतं 1 मिलिग्रॅम, तेही चौघांत. उलट डब्यातलं तयार पातळ सूप 250 ग्रॅम प्यायलं तर त्याच मर्यादेने 5 मिलिग्रॅम पोटात जातं. पावडरीचं पाकीट आणि तयार सूप यांत हा फरक आहे, तो सहसा कुणी सांगत नाही. दिवसभरात ग्लुटेन फ्री ब्रेड, पास्ता, सूप, केक असं सगळं पाकिटातलंच खाणाऱ्याने ही बेरीज मनात ठेवावी. भात-वरण-भाकरीवर असणाऱ्याला एका सूपने फरक पडत नाही, फक्त भाकरीचं पीठ स्वच्छ हवं.

एक वेगळा प्रकारही नियमांत आहे: ग्लुटेन कमी केलेलं अन्न, किलोमागे 20 ते 100 मिलिग्रॅम. ते ग्लुटेन फ्री नव्हे. सिलिॲक असलेल्याने घेऊ नये.

‘मे कंटेन व्हीट’ लिहिलेलं असेल तर?

म्हणजे सूपमध्ये गहू घातलेला नाही, पण त्याच यंत्रावर किंवा त्याच कारखान्यात गव्हाचं काही होतं. सूपच्या कारखान्यात हे स्वाभाविक आहे. सकाळी स्वीट कॉर्न, दुपारी मंचाव नूडल्स, मिक्सर एकच.

 काही जण पुढे ‘ग्लुटेन फ्री’ असेल तर मागच्या ‘मे कंटेन’कडे दुर्लक्ष करतात, कारण दावा केला की मर्यादा पाळावीच लागते. ते पटण्यासारखं आहे. पण पुढे दावा नाही आणि मागे ‘मे कंटेन’ आहे, असं पाकीट सिलिॲकवाल्या घरात आणू नये. लहान मुलांसाठी तर नकोच, त्यांच्या वाढीचा प्रश्न असतो. ‘मे कंटेन’ छापलं नाही म्हणजे मिसळ झालीच नाही, असं मात्र समजू नका.

आयएनएस 621, मॉडिफाइड स्टार्च, माल्टोडेक्स्ट्रिन: यांत ग्लुटेन असतं का?

आयएनएस 621 म्हणजे अजिनोमोटो, मोनोसोडियम ग्लुटामेट. त्यात ग्लुटेन नसतं. नाव सारखं वाटतं कारण ग्लुटामिक आम्ल 1866 साली गव्हाच्या ग्लुटेनमधून पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं, आणि सुरुवातीची काही दशकं हा पदार्थ गव्हापासून बनतही होता. आता तो ऊस, मका, टॅपिओका यांच्या साखरेवर जिवाणू वाढवून करतात. अजिनोमोटो नको असेल तर अवश्य टाळा, पण त्याचं कारण ग्लुटेन नाही. 627, 631 किंवा 635 हे चव वाढवणारे, 412 म्हणजे गवार गम, 415 म्हणजे झँथन गम, 330 म्हणजे सायट्रिक आम्ल, 551 म्हणजे पावडरीच्या गुठळ्या होऊ न देणारी सिलिका. सगळे चालतात.

स्टार्चचं तसं नाही. 1422, 1442 असे 14 ने सुरू होणारे आकडे मॉडिफाइड स्टार्चचे. बहुतेक मका किंवा टॅपिओकाचे असतात, पण गव्हाचेही असू शकतात. गव्हाचा असेल तर ‘कंटेन्स’च्या ओळीत दिसायला हवा.

माल्टोडेक्स्ट्रिनमधल्या ‘माल्ट’ला घाबरू नका. त्याचा जवाशी संबंध नाही. आपल्याकडे ते सहसा मक्याचं किंवा टॅपिओकाचं असतं, आणि गव्हाचं असलं तरी प्रक्रियेत प्रथिनं इतकी निघून जातात की युरोपात त्याला ॲलर्जीच्या सूचनेतूनही सूट आहे.

ओट्सचं सूप? जवाचं?

जवाचं नाही. मधुमेहींसाठी, वजन कमी करणाऱ्यांसाठी म्हणून ते ‘हेल्दी’ फळीवर असतं, आणि नेमका तिथेच ग्लुटेन टाळणारा माणूस निर्धास्तपणे हात घालतो. सातूच्या पिठाचंही तसंच. आपल्याकडच्या सातूच्या पिठात भाजलेल्या डाळ्यांबरोबर गहू असतो. उत्तरेकडचं निव्वळ चण्याचं सत्तू वेगळं.

ओट्स स्वतः वेगळं धान्य आहे, पण शेतापासून गिरणीपर्यंत ते गव्हाच्या सोबतीने येतं. ‘ग्लुटेन फ्री’ असं स्पष्ट लिहिलेले ओट्सच घ्यावेत, तेही डॉक्टरांना विचारून, कारण सिलिॲक असलेल्या थोड्या लोकांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत. मसाला ओट्स, ओट्स सूप यांच्या साध्या पाकिटांकडे वळूच नये.

दुकानात उभं आहे. कुठल्या चवीपासून सुरुवात करू?

आपल्याकडच्या किराणा दुकानात नि मॉलमध्ये क्नॉर आणि चिंग्ज यांची पाकिटं सहज सापडतात, शिवाय मोठ्या दुकानांचे स्वतःचे ब्रँड असतात. अमुक ब्रँड चालतो असं इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. एकाच ब्रँडच्या दोन चवींची यादी वेगळी असते, एकाच चवीच्या कपातल्या इन्स्टंट सूपची आणि उकळायच्या पाकिटाची यादी वेगळी असते, आणि कंपनी गाजावाजा न करता रेसिपी बदलते. मागच्या हिवाळ्यात चाललेलं पाकीट यंदा पुन्हा वाचायचं.

शोधाचा क्रम मात्र सांगता येतो. स्वीट कॉर्न आणि साधं मिक्स व्हेज आधी उचला. त्यांचा दाटपणा मक्याच्या स्टार्चचा असण्याची शक्यता जास्त. मग टोमॅटो. हॉट अँड सावर आणि मंचाव सोया सॉसमुळे शेवटी, आणि ‘क्रीम ऑफ’वाले त्याच्याही नंतर. पुण्या-मुंबईत हल्ली मिसो सूपची पाकिटं मिळतात. मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची जपानी पेस्ट. तो तांदूळ घालून केलेलाही असतो आणि जव घालूनही, तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नका. स्टॉकच्या वड्यांनाही हीच सगळी छाननी लावा.

आपल्या पद्धतीचं, पाकिटात मिळणारं काही नाही का?

आहे, आणि मला विचाराल तर आधी तिकडेच बघावं. कुळथाचं पीठ, नाचणीचं सत्त्व, आंबिलीचं पीठ, आमसुलाचं आगळ, टोमॅटो साराचं मिक्स (त्यातला हिंग मात्र बघून), उपवासाच्या फळीवरचं राजगिऱ्याचं आणि शिंगाड्याचं पीठ: यांतलं बहुतेक मुळातच ग्लुटेन नसलेलं. कोकणातलं कुळथाचं कळण किंवा देशावरचं हुलग्याचं माडगं हे दाट गरम सूपच आहे, त्याला कुणी तसं म्हणत नाही इतकंच. उपवासाच्या पदार्थांत गहू चालत नाही म्हणून त्या फळीवर घटकांची यादी छोटी आणि स्वच्छ असते.

अडचण गिरणीची आहे. महिला बचत गटाचं किंवा कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्याचं कुळथाचं पीठ चवीला उत्तम, पण त्याच जात्यातून आधी गहू गेलेला असतो. गिरणी सुरू करताना आधीच्या दळणाचं पीठ पाट्यांत राहिलेलं असतं, ते पहिल्या मूठ-दोन मुठीत बाहेर येतं. ‘आम्ही आधी थोडे तांदूळ फिरवून घेतो’ असं सांगतात. त्याने कमी होतं, जात नाही. सिलिॲकसाठी घरी कुळीथ मंद भाजून मिक्सरला दळणं बरं. दळण्याआधी धान्य ताटात पसरून निवडा, कडधान्यात गव्हाचे दाणे सापडतात. पाव किलो कुळीथ निवडायला दहा मिनिटं लागतात आणि पीठ हवाबंद डब्यात महिनाभर छान राहतं.

मी सूपचं पाकीट प्यायला नाही, भाजीच्या ग्रेव्हीत घालायला आणते. त्याऐवजी काय?

पनीरच्या भाजीत टोमॅटो सूपची पावडर, फ्राइड राइसवर मंचावची, बेक केलेल्या भाज्यांवर मशरूमची, हे प्रकार घरोघरी चालतात. अशा वेळी पाकिटाकडून आपल्याला दोनच गोष्टी हव्या असतात, दाटपणा आणि खारट-आंबट झणका. दोन्ही घरात असतात.

दाटपणासाठी कॉर्नफ्लोअर. मैद्याच्या निम्मं पुरतं: जिथे दोन चमचे मैदा लागायचा तिथे एक. नेहमी गार पाण्यात कालवून घाला, गरम ग्रेव्हीत कोरडं टाकलं की गुठळ्या होतात आणि मग कितीही घोटा. लिंबू, व्हिनेगर, आमसूल शेवटी, आच बंद करताना. आंबट घालून उकळत ठेवलं तर दाट झालेली ग्रेव्ही पुन्हा पातळ होते. तवकील म्हणजे आरारूटही चालतं आणि जास्त पारदर्शक दिसतं, पण त्याला फार उकळी देऊ नये.

मशरूमच्या पाकिटाऐवजी: लोण्यावर बारीक कांदा आणि मशरूम पाणी आटेपर्यंत परता, त्यावर एक टेबलस्पून तांदळाची पिठी टाकून मिनिटभर हलवा, मग कपभर दूध थोडं थोडं घाला. मिरपूड, मीठ, किंचित जायफळ. मैद्याच्या व्हाइट सॉसपेक्षा हा थोडा रवाळ लागतो. खटकला तर मिक्सरमधून एकदा फिरवा.

मंचावच्या झणक्यासाठी गहू नसलेला सोया सॉस शोधावा लागतो. जपानी तामारी बऱ्याचदा गव्हाशिवाय असतो, पण तोही मागची बाजू वाचूनच.

घरीच मिक्स करून ठेवता येईल का?

येतं, आणि हिवाळ्यात फार उपयोगी पडतं. अर्धी वाटी टोमॅटो पावडर, पाव वाटी कॉर्नफ्लोअर, पाव वाटी दूध पावडर, दोन चहाचे चमचे साखर, दोन चहाचे चमचे मीठ, एक चमचा लसूण पावडर, अर्धा चमचा मिरपूड. सगळं कोरड्या मिक्सरमध्ये एकदा फिरवून काचेच्या बरणीत. एका मोठ्या कपाला दोन टेबलस्पून: गार पाण्यात कालवा, मध्यम आचेवर ढवळत उकळी आणा, आणखी दोन मिनिटं. टोमॅटो पावडर दमट हवेत दगड होते, म्हणून बरणीत कोरड्या तांदळाची पुरचुंडी ठेवा किंवा पावसाळ्यात बरणी सरळ फ्रीजमध्ये. टोमॅटो आणि लसूण पावडरीची लेबलं वाचायला विसरू नका, लसूण पावडरीतही कधी कधी स्टार्च मिसळलेला असतो.

घरात बाकीच्यांच्या पोळ्या होतात. सूपला वेगळं भांडं हवं का?

नीट घासलेलं स्टीलचं पातेलं चालतं. लक्ष गाळणीकडे द्या. कणीक चाळायच्या चाळणीतून टोमॅटोचं सूप गाळलं की पाकिटावरची सगळी मेहनत पाण्यात. तारेच्या जाळीत, विशेषतः कडेच्या पट्टीखाली, पीठ चिकटून बसतं आणि धुऊनही निघत नाही. सूपसाठी वेगळी गाळणी ठेवा, दांड्याला रंगीत दोरा बांधा. लाकडी डावही वेगळा.

पोळ्या लाटताना शेजारच्या शेगडीवर सूप उघडं ठेवू नका, पीठ उडतं. आणि बाकीच्यांना ब्रेडचे तुकडे हवे असतील तर ते त्यांच्या वाडग्यात टाकायचे, पातेल्यात नाही. पातेल्यातला डाव कुणाच्या वाडग्यात बुडवायचा नाही.

ऑनलाइन मागवताना?

फोटो जुन्या पाकिटाचा असू शकतो. हातात आल्यावर उघडण्याआधी मागची बाजू वाचा, जुळली नाही तर परत करा. शोधताना ‘ग्लुटेन फ्री’ टाकलं की येणाऱ्या यादीत अर्धी पाकिटं त्या दाव्याशिवायची असतात.

मुलगी अमेरिकेत आहे, भाऊ लंडनला. तिकडे नियम हेच का?

आकडा तोच, बाकी बरंच वेगळं. अमेरिकेत 2013 च्या नियमाने ‘ग्लुटेन फ्री’ म्हणजे 20 पीपीएमच्या आत. पण तिथल्या ॲलर्जी कायद्यात गव्हाचं नाव बंधनकारक आहे, जवाचं नाही. त्यामुळे ‘कंटेन्स’मध्ये गहू नाही म्हणून सूप घेतलं आणि माल्ट निघाला, असं होऊ शकतं. मांस किंवा चिकन घातलेली बरीच सूप तिथे कृषी खात्याकडे येतात आणि त्यांना तो ॲलर्जी कायदाही लागू नाही. चिकन सूप ‘ग्लुटेन फ्री’ लिहिलेलंच घ्यावं. कॅम्पबेल्सच्या डब्यातल्या साध्या कंडेन्स्ड टोमॅटो सूपमध्ये तिकडे गव्हाचं पीठ असतं, हे तिथे नव्याने गेलेल्या मराठी घरांना हमखास आश्चर्याचं वाटतं. एमीज, प्रोग्रेसो यांच्या काही चवींवर ‘ग्लुटेन फ्री’ छापलेलं असतं. काही चवींवर, सगळ्या नव्हे.

शिवाय तिकडे ‘कॉर्न फ्लोअर’ मागितलं तर मक्याचं पीठ मिळतं. आपल्या कॉर्नफ्लोअरसाठी ‘कॉर्नस्टार्च’ म्हणायचं. ब्रिटनमध्ये मात्र आपल्यासारखंच कॉर्नफ्लोअर.

ब्रिटन आणि युरोपात वाचणं सोपं: गहू, जव, राय, ओट्स घटकांच्या यादीतच ठळक अक्षरांत छापावे लागतात. ऑस्ट्रेलियाचा नियम सगळ्यात कडक आहे. तिथे ‘ग्लुटेन फ्री’ म्हणजे चाचणीत ग्लुटेन सापडताच कामा नये, आणि ओट्स त्यात येतच नाहीत.

गव्हाची ॲलर्जी असेल तर हेच सगळं लागू?

पूर्ण नाही. ॲलर्जीवाल्याला जव कदाचित चालेल, पण परदेशी ‘ग्लुटेन फ्री’ पाकिटात प्रथिनं काढून टाकलेला गव्हाचा स्टार्च असू शकतो आणि तो त्याला बाधू शकतो. त्याने ‘ग्लुटेन फ्री’ नव्हे, ‘व्हीट’ हा शब्द शोधायचा.

पोट सारखं बिघडतं. तपासणीआधीच ग्लुटेन बंद करून बघू?

नको. सिलिॲकची रक्ततपासणी आणि आतड्याची बायोप्सी या दोन्हींसाठी आहारात ग्लुटेन सुरू असावं लागतं. आधीच बंद केलं तर अहवाल खोटा ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो आणि मग पुन्हा गहू खाऊन तपासणी करावी लागते, ती शिक्षाच. आधी पोटविकारतज्ज्ञ, मग सूपची पाकिटं.

चुकून ग्लुटेन असलेलं सूप प्यायलं गेलं, आता?

त्यावर उतारा नाही. भरपूर पाणी, ओआरएस, साधा भात-ताक. त्रास बहुधा काही तासांत किंवा काही दिवसांत उतरतो. उलट्या-जुलाब थांबत नसतील किंवा मूल मलूल झालं असेल तर डॉक्टर. त्रास झाला नाही म्हणजे सूप चाललं असा अर्थ काढू नका, कित्येकांना बाहेरून काही जाणवत नाही आणि आत इजा होते. पाकीट फेकू नका, कंपनीशी बोलताना लागेल.

कंपनीला नेमकं काय विचारायचं?

ग्राहक सेवेचा क्रमांक आणि ईमेल पाकिटावर असतोच. ‘तुमचं सूप ग्लुटेन फ्री आहे का’ असं विचारलं की ‘घटकांची यादी पाहावी’ असं छापील उत्तर येतं. ईमेलच करा आणि तीन प्रश्न वेगवेगळे लिहा: स्टार्च कुठल्या धान्याचा, मसाल्यातल्या हिंगात कुठलं पीठ, आणि तयार मालाची ग्लुटेन चाचणी होते का, होत असेल तर कुठल्या पद्धतीने. चाचणी खरंच करणारी कंपनी ‘आर-5 एलिसा’ असं काहीतरी ठोस लिहून पाठवते. सोबत पाकिटाचा बॅच नंबर द्या, कारण उत्तर त्या बॅचपुरतंच खरं असतं.